गोंदवल्याच्या पुढे म्हसवड आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पावसाळ्यात माळशेज, मे महिन्यात महाबळेश्वर आणि दिवाळीत कोकण ठरलेलं. गोंदवले-म्हसवडचा माणदेश छापून येतो तो दुष्काळाच्या बातमीतच. मुंबईहून गोंदवल्याला कितीतरी भाविक जातात; गोंदवलेकर महाराजांचं दर्शन, प्रसाद, की गाडी माघारी. त्याच सातारा-पंढरपूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की म्हसवड लागतं. माझं आजोळ, म्हणून पत्रात थोडा पक्षपात गृहीत धरा.

पाऊस बेभरवशाचा, रान खडकाळ, त्यामुळे इथे पिकापेक्षा मेंढरांचा आधार मोठा. गावात सिद्धनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, तेव्हा गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत शेजारचा माणूस ओळखू येत नाही. जवळच माणगंगेवर राजेवाडीचा तलाव; १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून इंग्रज सरकारने हाती घेतलेला.

पण मला सांगायचंय ते घोंगडीबद्दल. मुंबईतल्या एका प्रदर्शनातून मी 'अस्सल हातमागाची' घोंगडी घेतली आणि मोठ्या दिमाखात आजोळी नेली. तिथल्या म्हाताऱ्या विणकराने काही न बोलता तिचा एक धागा उपटला, काडी ओढली. धागा वितळून काळा टणक मणी झाला. मग आपल्या मागावरचा धागा पेटवला. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. ही खरी लोकर, माझी कृत्रिम धाग्याची. शेजारी ताणलेल्या ताण्यावर, म्हणजे विणायच्या उभ्या धाग्यांवर, त्यांची सून चिंचोक्याची खळ कुंच्याने सारवत होती. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. त्याची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि अर्थात महाग. मी किंमत विचारली आणि गप्प बसलो.

हे मुंबईकरांना दाखवा. गोंदवल्याच्या सहलीत अर्धा दिवस वाढवला तरी पुरे. एक अडचण मात्र आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, मेंढरं घेऊन कोकणात किंवा कृष्णाकाठी उतरतात आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. म्हणजे रथ पाहायला गेलात तर बरेचसे कळप बाहेर. कळप पाहायचे तर पावसाळ्यात जायला हवं. माझ्या मुलांना मी दोन खेपा करायला लावल्या. रथाला जाणार असाल तर मुक्कामाची सोय आधी करून ठेवा, ऐन दिवशी ओसरीही मिळत नाही.

आपला,
एक वाचक, भांडुप, मुंबई