अर्ध्या तासानंतरची सभा

मा. संपादक,
स. न.

ग्रंथपालांच्या आणखी संघटना हव्यात, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे ते म्हणायला जमेलसे वाटत नाही. शालेय ग्रंथपालांची वेगळी, महाविद्यालयीनांची वेगळी, सार्वजनिकवाल्यांची वेगळी, डिजिटलवाल्यांची आणखी वेगळी, अशी वाटणी त्यांनी सुचवली आहे. वर्गीकरण हा आम्हा ग्रंथपालांचा धंदाच, त्यामुळे मोह कळतो. पण पुस्तकाच्या वर्गीकरण-क्रमांकात दशांशचिन्हापुढे आकडे वाढवत नेले की पुस्तक सापडते, संघटना नव्हे.

लेखकमहाशय अशा एखाद्या संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शेवटचे कधी बसले होते? सूचनेवर वेळ ११ची असते. खाली बारीक टायपात लिहिलेले असते की गणसंख्येअभावी, म्हणजे किमान हजेरी (कोरम) न भरल्याने, सभा तहकूब झाली तर ती त्याच जागी अर्ध्या तासाने भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही. ही तरतूद अडीअडचणीसाठी असते. प्रत्यक्षात खरी सभा साडेअकराची, हे सगळ्यांना पाठ असते. ११ वाजता खुर्च्या लावणाराच काय तो हजर. साडेअकराला पंधरा डोकी जमतात, त्यांतली नऊ कार्यकारिणीची. ही पंधरा माणसे इतिवृत्त वाचल्याचे समजून कायम करतात, हिशेब मंजूर करतात, लेखापरीक्षक तोच ठेवतात आणि कार्यकारिणी 'बिनविरोध' निवडतात. आयत्या वेळच्या विषयांत कुणी ई-पुस्तकांच्या परवान्यांचे काढलेच, तर तो विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. सभागृह एकपर्यंतच मिळालेले असते ना!

कोरम भरत नाही याचे खापर नेहमी सभासदांच्या आळसावर फुटते. आळस आहेच. पण अर्धा दोष वहीचा आहे. गणसंख्या एकूण सभासदांच्या प्रमाणात ठरवलेली असते आणि वहीतून नाव कधीच कमी होत नाही. आजीव सभासद निवृत्त झाले, बदलून गेले, काही वारले. नावे जागच्या जागी. समजा वहीवर ८०० नावे आहेत आणि अट एक-दशांशाची आहे, तर ८० माणसे हवीत. पत्ता बरोबर असलेली ३००च निघाली, तर ३० पुरतील. पहिली सभा जमवणे अशक्य, दुसरी जमवणे पंधरा जणांच्या हाती.

दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, घेऊन शेल्फपुढे उभे राहायचे, एकेक क्रमांक ताडायचा, न सापडलेल्यावर खूण करायची, पुढच्या पडताळणीतही मिळाले नाही तर निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून काढायला, लावायचे, हे काम आयुष्यभर करणाऱ्यांची ही संघटना. तिची स्वतःची सभासदवही मात्र कुणी पडताळत नाही!

करायला लागते ते इतकेच. मागच्या तीन वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या वहीशी लावून पाहाव्यात. परत आलेले टपाल आणि न पोचलेले ईमेल वेगळे काढावेत. एकच व्यक्ती कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण नावाने, कुठे लग्नाआधीच्या आडनावाने नोंदलेली असते. त्या तीन नोंदींची एक करावी. एका लेखकाच्या नावाची सगळी रूपे एका ठरलेल्या नावाखाली आणणाऱ्या, म्हणजे नामप्राधिकाराच्या, नोंदी करणाऱ्यांना हे शिकवायला नको. दोन माणसांचे चार रविवारांचे काम आहे. ते झाल्यावर घटनादुरुस्ती करावी: दोन वर्षे वर्गणी थकली की नाव मतदारयादीबाहेर, आजीव सभासदाने दर पाच वर्षांनी पत्ता कळवायचा, एका पदावर सलग दोनच मुदती आणि मतदान टपालाने किंवा ऑनलाइन. सरचिटणीस आणि खजिनदार मात्र एकाच वर्षी बदलू नयेत. बँकेतल्या सह्या बदलेपर्यंत एक धनादेशही वटत नाही, हे सगळीकडेच घडते.

नवी संघटना काढल्याने यातले काय सुटते? तिलाही अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, बँक खाते, लेखापरीक्षण, संकेतस्थळ, वार्तापत्र आणि अधिवेशन लागतेच. काम करणारी माणसे कुठल्याही संघटनेत दहा-बाराच. तीन संघटना केल्या म्हणून ती छत्तीस होत नाहीत. त्याच बारा जणांकडे तीन-तीन पदे येतात. वर्गणीही त्याच खिशातून तीनदा जाते. मग माणूस एक ठेवतो, दोन सोडतो, आणि दोन वह्यांत त्याचे नाव राहते ते राहतेच.

बाहेरचे वारे तर उलटे वाहते आहे. ब्रिटनमध्ये १८७७ची लायब्ररी असोसिएशन आणि १९५८ची इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन सायंटिस्ट्स यांनी २००२मध्ये एकच संस्था केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२०मध्ये आपले तीन विभाग मिळून 'कोअर' हा एक विभाग केला. १९४६ची कॅनेडियन लायब्ररी असोसिएशन २०१६च्या जानेवारीत सभासदांनीच मत देऊन बंद केली आणि तिच्या जागी संघटनांचा महासंघ आणला. विशेष ग्रंथालयांसाठी (कंपन्या, संस्था यांच्या एका विषयापुरत्या ग्रंथालयांसाठी) १९०९मध्ये अमेरिकेतले ग्रंथपाल जॉन कॉटन डाना यांच्या पुढाकाराने निघालेल्या संघटनेने २०२५मध्ये विसर्जनाचा निर्णय जाहीर केला. लेखकाला हवी तशी, अगदी शाखेपुरती संघटना होती ती.

अपवाद आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना १८९८पासून वेगळी आहे आणि टिकून आहे. पण तिने आरंभापासून जादा प्रतींची आपसांत अदलाबदल करण्याची व्यवस्था चालवली. रोजच्या कामाचे काहीतरी सभासदाच्या टेबलावर येत होते. असे काम दाखवा, वेगळ्या संघटनेला माझी ना नाही.

लेखकाचा मुद्दा 'आवाज वाढेल' असा आहे. आवाज कसा लागतो ते २०१९मध्ये दिसले. मॅकमिलन प्रकाशनाने ठरवले की नवे ई-पुस्तक निघाल्यावर पहिले ८ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला एकच प्रत मिळेल, मग तिच्या दोन शाखा असोत वा ऐंशी. नोव्हेंबरपासून ते लागू झाले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सह्यांची मोहीम काढली, काही ग्रंथालयांनी खरेदीच थांबवली आणि मार्च २०२०मध्ये निर्णय मागे घेतला गेला. महासाथीचाही त्यात हात असेल, कबूल. पण समोर चार लेटरहेडांवरची चार पत्रे असती, तर प्रकाशकाने ज्याचे पत्र सर्वांत मवाळ त्यालाच आधी उत्तर दिले असते. आपल्याकडचे म्हणाल तर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघ १९२८मध्ये निघाला आणि मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला १९४८ साली. मधली वीस वर्षे दुसरा संघ काढण्यात गेली नाहीत.

जाता जाता एक. गेले काही महिने आपल्या पुरवणीच्या आतल्या पानांवर तारीख छापलेली नसते. कात्रण कापले की ते कुठल्या दिवसाचे ते कळत नाही. मग मागच्या बाजूच्या जाहिरातीतल्या 'उद्या शेवटचा दिवस' वरून हिशेब लावत बसावे लागते. शिवाय पुरवणीचे पानक्रमांक पुन्हा १पासून सुरू होतात, म्हणजे एका दिवसाची दोन पान ३. कालचा लेख त्यांतल्या दुसऱ्या पान ३वर होता. पानाच्या माथ्यावर तारीख आणि 'पु' एवढे एक अक्षर छापलेत तरी कात्रणे लावणाऱ्यांवर उपकार होतील.

आपला,
एक ग्रंथपाल
(तीन संघटनांच्या वह्यांत नाव असलेला)