पुरानंतर मनात राहणाऱ्या भीतीसाठी समुपदेशनाची सोय हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की सांगली जिल्ह्यात पूरनियंत्रणाच्या आढावा बैठका होतात. बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रे, औषधांचा साठा, जनावरांचा चारा यांच्या याद्या तयार होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. या याद्यांमध्ये आणखी एका गोष्टीची भर पडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांतून गेलेल्या कृष्णाकाठच्या अनेकांच्या मनात पाणी ओसरल्यावरही भीती ठाण मांडून बसली आहे. या भीतीवर समुपदेशनाने इलाज होऊ शकतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनाही तो गावाजवळ मिळत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. पडलेली घरे, मेलेली जनावरे, कुजलेली पिके आणि दुकानांतील भिजलेला माल यांचे पंचनामे झाले, सानुग्रह अनुदानही मिळाले. मनाला बसलेल्या धक्क्याची मात्र कोठेही नोंद झाली नाही. त्यामुळे आज पूरपट्ट्यातील किती माणसे जुलै-ऑगस्टमधील रात्री धड झोपत नाहीत, हे प्रशासनालाही सांगता येणार नाही.

मी गावभागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. पावसाळ्यात आमच्या भागात काय चालते, ते रोज पाहते. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा संदेश मोबाइलवर येताच कोणाच्या पोटात गोळा येतो, कोणाची छाती धडधडते, तर कोणी पाणी वीस फुटांवर असतानाच सामान माळ्यावर चढवू लागते. वर्गातही हे दिसत असे. जोराचा पाऊस सुरू झाला की काही मुलांचे लक्ष फळ्यावरून उडून खिडकीकडे जाई, आणि घरी सोडा म्हणून ती रडू लागत. मोठ्यांना आपण ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणतो आणि मुलांना ‘घाबरायचे काय त्यात’ म्हणतो. सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, पण ज्याची भीती त्याच्या इच्छेने आलेली नाही, ती दुसऱ्याच्या सांगण्याने जाणार कशी?

चिंता मुळात शरीराची राखण करणारी व्यवस्था आहे. धोका जाणवताच हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, स्नायू ताठरतात आणि माणूस पळायला किंवा झुंजायला सज्ज होतो. पूर येतो तेव्हा ही सज्जता जीव वाचवते. अडचण तेव्हा होते, जेव्हा साधी सर आली तरी शरीर २०१९ सालच्या त्या रात्रीसारखेच वागू लागते. मग माणूस भीतीपासून सुटण्यासाठी वाटा शोधतो. नदीकडे जाणे टाळतो, पावसाळ्यात घर सोडून लग्नकार्यालाही जात नाही, दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी पाहतो. त्या क्षणी थोडे बरे वाटते, आणि नेमके तेच भीतीला खतपाणी घालते, कारण ‘टाळले म्हणून वाचलो’ असा निष्कर्ष मन आपोआप काढते. टाळाटाळ जसजशी वाढते, तसतसे जगणे आक्रसत जाते.

समुपदेशनाचे काम या चक्रावर चालते. मन मोकळे केल्याने हलके वाटते हे खरे, पण समुपदेशन म्हणजे तेवढेच, असा समज चुकीचा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती ही चिंतेवरील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उपचारांपैकी एक आहे. तिच्यात विचार, भावना, शरीरातील बदल आणि वागणूक यांची साखळी रुग्णाला स्वतःला उलगडून पाहायला शिकवतात. बैठक साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते, बहुधा आठवड्यातून एकदा होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत आठ ते वीस बैठकांत हे काम होते. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी करायचा सराव असतो. माझ्या मते बरे होण्यातला निम्मा वाटा या सरावाचा असतो.

आमच्या परिचयातील एका गृहिणीचे उदाहरण त्यांच्या परवानगीने देते. २०१९ नंतरच्या पावसाळ्यांत त्यांना रात्री अचानक घाम फुटून, श्वास कोंडून आपण मरतो आहोत असे वाटू लागे. हृदयविकाराच्या शंकेने तपासण्या झाल्या, ईसीजी नेहमी व्यवस्थित येई आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून त्यांना घरी पाठवले जाई. पुढे एका डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून मग त्यांना मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. हा क्रम योग्यच होता, कारण धडधड आणि अस्वस्थता शारीरिक कारणांनीही होते. तेथे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी समजावून सांगितले की याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो भयंकर वाटला तरी सहसा काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो, आणि त्याच्याशी झटापट न करता तो ओसरू देणे शिकता येते. श्वास सावकाश सोडण्याचा आणि एकेक स्नायू ताणून सैल करण्याचा सराव त्यांनी सुरू केला.

नंतर मनात येणारी वाक्ये वहीत लिहायचे काम आले. ‘पाऊस सुरू झाला, आता सगळे जाणार’ हे त्यांतले नेहमीचे वाक्य होते. समुपदेशक बाईंनी ते खोटे ठरवले नाही, कारण पूर खरोखरच आला होता आणि पुन्हा येऊ शकतो. कृष्णाकाठच्या माणसाला ‘काही होत नाही’ असे सांगणे म्हणजे त्याचा अनुभव नाकारणे आहे. बाईंनी विचारले ते असे: प्रत्येक पावसाळी रात्री पूर आला का? पाणी वीस फुटांवर असताना घरात यायला किती वाढावे लागेल? कोणत्या पातळीला काय करायचे, हे घरात ठरले आहे का? या प्रश्नांतून एक कागद तयार झाला. कागदपत्रे आणि दागिने कोठे ठेवायचे, किती फुटांवर सामान हलवायचे, किती फुटांवर सासूबाईंना नातेवाइकांकडे पोहोचवायचे आणि घर कधी सोडायचे, हे त्यावर लिहिले गेले. इशारा पातळीच्या खाली पाणी असेल तर पातळी दिवसातून दोनदाच पाहायची, असा नियम ठरला. मग हिवाळ्यात नदीकाठी फिरणे, पुढे उन्हाळ्यात घाटावर बसणे आणि पाऊस सुरू झाल्यावर आयर्विन पुलावर उभे राहून खालचे पाणी पाहणे, अशा पायऱ्या झाल्या. हे सगळे हळूहळू, त्यांच्या संमतीने आणि मध्ये मागे पाऊल घेत घडले. आजही मोठा विसर्ग सुटला की त्यांना काळजी वाटते, पण ठरलेल्या कागदाप्रमाणे त्या कामाला लागतात आणि रात्री झोपतात.

सर्वांचे भागेल अशी ही एकच वाट आहे, असे मी म्हणणार नाही. चिंता फार तीव्र असेल, त्यासोबत खोल नैराश्य असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब गेले पाहिजे आणि गरजेप्रमाणे औषधेही घेतली पाहिजेत. समुपदेशन आणि औषधे अनेकदा बरोबरीने चालतात. उलट, कोणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेत राहण्याने सवय लागते आणि भीती होती तेथेच राहते. दारूबद्दलही हेच, आणि आमच्या भागातील पुरुषांच्या बाबतीत हे मी फार खेदाने लिहिते, कारण भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा दारू पिणे त्यांना सोपे वाटते.

समुपदेशक कोण, हेही पाहून घ्यावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी, इतर समुपदेशकांचे मानसशास्त्रातील शिक्षण आणि प्रशिक्षण विचारावे. यात संकोच नको. अंगारे-धुपारे करून ‘पाण्याची बाधा’ उतरवणाऱ्यांकडे जाण्यात पैसाही जातो आणि उपचाराचा काळही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या विषयावर उभे आयुष्य वेचले, त्यामुळे आपल्या दोन्ही जिल्ह्यांना हे नव्याने सांगावे लागू नये.

आपत्तीच्या पहिल्या काही दिवसांत मात्र उपचारापेक्षा आधाराची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा म्हणजे पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. माणसाला अन्न, निवारा, आपल्या माणसांची खबर आणि खरी माहिती मिळाली की पुष्कळांचे मन पुढे आपोआप सावरते. निवारा केंद्रात गेलेल्यांना घेरून ‘काय काय झाले ते सांगा’ म्हणून बोलायला लावू नये, हेही तज्ज्ञ सांगतात. कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांनी आणि सदिच्छेने जाणाऱ्या आपल्यासारख्यांनीही याची नोंद घ्यावी. ज्यांची भीती काही आठवड्यांनंतरही कमी होत नाही, त्यांना शोधून समुपदेशनापर्यंत नेणे, हा खरा पुढचा टप्पा आहे. आपल्याकडे तो टप्पाच गाळला जातो, कारण तोवर सगळी पथके परत गेलेली असतात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक आधाराबाबत २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असून तिच्यावर मराठीतून बोलता येते. सांगली आणि मिरज येथे मोठी शासकीय रुग्णालये आहेत. पण शिराळ्याच्या किंवा पलूसच्या नदीकाठच्या गावातील मजूर बाईला दर आठवड्याला रोजगार बुडवून तेथे येणे परवडत नाही, आणि एकदाच येऊन हा उपचार होत नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की, मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांतील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातील ठरलेल्या दिवशी बसावा, आणि तो दिवस गावोगावी कळवला जावा. पूरपट्ट्यातील आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांना जूनपूर्वी मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक निवारा केंद्राच्या भिंतीवर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा. पूर ओसरल्यावर आरोग्य पथके ताप आणि जुलाबाची विचारपूस करतात, तेव्हाच झोप लागते का आणि धडधड होते का, हेही विचारावे, आणि हीच विचारपूस दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. यंदाच्या मान्सूनपूर्व बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा आणि त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, हे आपल्या दैनिकातून लोकांना कळावे, अशी अपेक्षा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
गावभाग, सांगली