दफादार काका, पट्टा आता ढिला आहे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गाव तुम्हाला ‘मिलिटरीवाले’ म्हणतं. तुमचा हुद्दा दफादार होता, पायदळात ज्याला हवालदार म्हणतात तोच, हे मला तुमच्या ओसरीवर कळलं. चार लोकांसमोर हे पत्र लिहितोय, कारण तुमच्या तीन संध्याकाळी तोंडदेखल्या ‘थँक्यू’ने फिटणाऱ्या नाहीत.

टी-55 चं प्लॅस्टिकचं मॉडेल, 1/35 मापाचं. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे 35 सेंटीमीटर इथे 1 सेंटीमीटर. पाच फूट नऊ इंचांचा गडी जेमतेम 5 सेंटीमीटर. 1971 ला हा रणगाडा आपल्याकडून लढला, म्हणून तोच निवडला. महिनाभर फ्रेममधून भाग कापले, कडा पॉलिश पेपरने घासल्या, फटींत पुट्टी भरली. चाकांभोवती फिरणारे रबरी पट्टे सायकलच्या चेनसारखे ताणून बसवले आणि मोठ्या हौसेनं तुमच्याकडे आणलं.

तुम्ही चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणालात, “पट्टा असा तंग काऊन ठेवला बाप्पा? छत्तीस टनाचं धूड हाय ते. पट्ट्याले वजन नसते का?”

काकूंकडून पाच कप मागवून तुम्ही ओळीनं उपडे मांडलेत. पहिल्या आणि दुसऱ्या कपात फट जास्त, बाकीचे जवळजवळ. त्यावर बैलाचा ओला दोर टाकलात. दोर कपांवर टेकला आणि त्या मोठ्या फटीत झोळ पडला. टी-55 ला वरून पट्टा तोलणारे रोलर नसतात, तो चाकांवरच निजतो, हे डब्यावरच्या चित्रातून मला कधी उमगलं नसतं.

घरी पट्टे सोडवले. ते चाकांवर दाबून धरायला मडगार्डखाली घरचाच कापूस कोंबला. सुपरग्लूचा थेंब कापसाला लागला, भसकन धूर निघाला आणि मडगार्डची कड वितळली. (मॉडेल करणाऱ्यांनो, सुपरग्लू कापसाला लागला की भयंकर तापतो. स्पंज वापरा.) दुसऱ्या दिवशी मी पडेल चेहऱ्यानं आलो, तर तुम्ही जुन्या चपलेच्या फोमचे तुकडे कापून दिलेत. जळालेली कड बोटानं चाचपून म्हणालात, “राहू दे. पत्र्याचं मडगार्ड हाय, झाडाले घासलं की वाकतेच.” मग आपण ती कड घासून वाकलेल्या पत्र्यासारखी केली. आज सगळ्यांत आधी नजर तिथेच जाते.

शेवटच्या संध्याकाळी चिखल. मी फेविकॉलमध्ये काळी माती कालवून आणली होती, साडीच्या कापडातून चाळलेली. तुम्ही चिमटीत धरलीत. “हे तं आपल्या वावरातली. पंजाबात अशी नसते, भुरकी असते.” पुन्हा कालवली. काजळी डाव्या मडगार्डवरच हवी, कारण धुराडं तिथे, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि अगदी उठता उठता, पुढे डावीकडे ड्रायव्हरच्या जागेवर करंगळी टेकवून म्हणालात, “इथं बसत होतो म्या.”

काका, त्या जागेवरची झडप मी बंद चिकटवली होती. परवा ब्लेडनं हळूहळू सोडवली. रविवारी मॉडेल घेऊन येतो. झडप उघडी आहे.

तुमचा,
मागच्या गल्लीतला पोरगा