बोटांच्या पट्ट्यांचं कारण

सॅन फ्रान्सिस्को,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझ्या काळजीचं. परवा व्हिडिओवर माझ्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या दिसल्या आणि तू फोन दादाकडे देऊन आत निघून गेलीस. मला काहीही लागलेलं नाही. भाजलं नाही, कापलं नाही. मी शिकतेय तो कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच क्युबन ढोल, वाजवणारे सगळेच सुरुवातीला बोटांच्या पेरांना अशी चिकटपट्टी गुंडाळतात. गाईचं जाड कातडं असतं, त्यावर चापट बसली की पेरं सोलवटतात. एकदा घट्टे पडले की पट्टी सुटते. तबला वाजवून झालेलं बाबांचं तर्जनीचं पेर बघ, तसंच. जेवण वेळेवर होतं, पोळ्या घरीच करते, ऑफिसचं सगळं सुरळीत आहे. नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. हे दादालाही सांग, म्हणजे तो आत्याला सांगेल.

बाबा, तुम्ही शेवटी एवढंच म्हणालात, "ताल धरून कुणाचं घर चाललंय?" आणि मी गप्प बसले. त्याचं उत्तर देण्यासाठी हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही.

तुम्हाला माहीत असेल, 1969 साली अमेरिकेत वुडस्टॉक नावाचा जो मोठा जलसा झाला, त्यात 15 ऑगस्टच्या रात्री पावसात रविशंकरांबरोबर अल्लारखाँसाहेबांनी तबला वाजवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मंचावर सांताना नावाचा, याच शहरातला बँड उभा राहिला. त्यांची पहिली रेकॉर्डही अजून बाजारात आली नव्हती. गिटारवाला कार्लोस सांताना मेक्सिकोचा, त्याचं नाव जगभर झालं. पण त्या दिवशी लोक जागेवरून उठले ते मागच्या वादकांमुळे, असं माझं ठाम मत आहे. टिंबालीवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या ताशासारख्या जोडीवर, निकाराग्वाहून आलेला चेपितो आरेआस, कोंगावर इथल्याच मिशन भागातला मायकेल काराबेयो, ड्रमसेटवर जेमतेम विशीचा मायकेल श्रीव्ह. गिटार रॉकची, खालचा ताल क्युबाचा. पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कचा लॅटिन संगीतकार टिटो पुएंते याचं "ओये कोमो वा" वाजवलं आणि ते घराघरांत गेलं.

पण मला सांगायचंय ते आर्मांदो पेराझांबद्दल. जन्म हवानाचा, 1924 चा. सातव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. मुलगा रस्त्यावर वाढला, भाजी विकली, बॉक्सिंग केलं, बेसबॉल खेळला. सतराव्या वर्षी कळलं की एका बँडला कोंगा वाजवणारा हवाय. याला वाजवण्याचा काही अनुभव नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत बसून हात तयार केला आणि जागा मिळवली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोमार्गे न्यूयॉर्क, तिथून पुढे इथे सॅन फ्रान्सिस्कोला. जॉर्ज शिअरिंग या अंध पियानोवादकाबरोबर साधारण बारा वर्षं, मग कॅल जेडर या व्हायब्राफोनवादकाबरोबर काही वर्षं. आणि 1972 साली सांताना. बाबा, तेव्हा त्यांचं वय 48 होतं! बाकीचा बँड मुलांच्या वयाचा. त्या मुलांबरोबर ते 1990 पर्यंत वाजवत राहिले, गाणी रचली, "अमिगोस" या रेकॉर्डमधलं "हितानो" त्यांचंच. 2014 च्या एप्रिलमध्ये, वय 89 असताना गेले. या माणसाचं घर तालावरच चाललं. आयुष्यभर.

मी पेराझा होणार नाही, ते मला कळतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

आता तुम्हाला आवडेल ते. कोंगाचा जो साधा ठेका आहे, त्याला तुंबाओ म्हणतात. चार मात्रा. आपण समेवर "धा" वाजवून सगळ्यांना सांगतो की आलो. इथे पहिल्या मात्रेवर डाव्या तळव्याचा नुसता दाब, आवाज जवळजवळ नाहीच. खणखणीत उघडे दोन ठोके येतात ते चौथ्या मात्रेवर आणि तिच्या अर्ध्यावर. म्हणजे सम यायच्या आधीच सगळं बोलून मोकळं व्हायचं आणि सम सोडून द्यायची. पहिले दोन महिने माझा डावा हात समेवर आपोआप "धा" द्यायचा. शिक्षक खांद्यावर बोट टेकवून थांबवायचे. त्या सगळ्याच्या वर दोन लाकडी दांडक्यांचे पाच टोले, तीन आणि दोन, त्याला क्लावे म्हणतात. तो वाजवणारा रात्रभर दुसरं काहीही करत नाही. आपल्या भजनातला जुना टाळकरी जसा डोळे मिटून उभा असतो, अगदी तसा. तो चुकला तर सगळे थांबतात.

इथली एक रीत मात्र मला वर्षभर कळली नाही, ती नीट सांगते, कारण तुम्ही फीबद्दल विचारलं होतंत. क्लासची फी ठरलेली नसते. दारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यावर लिहिलेलं असतं, पंधरा ते तीस डॉलर. ज्याला जेवढे झेपतील तेवढे त्याने टाकायचे. कोणी बघत नाही, वहीत नाव नाही, पावती नाही. मी विचारलं, तीसवाल्यांना पुढे बसवतात का? नाही. पंधरावाल्यांना कमी शिकवतात का? नाही. मग सगळे पंधराच का टाकत नाहीत? तर म्हणे, ज्याच्याकडे आहे तो जास्त टाकतो, म्हणून ज्याच्याकडे नाही त्याला येता येतं. आणि कोणाकडे किती आहे ते ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडे गुरुपौर्णिमेला पाकीट देतात तसं हे नाही, कारण पाकिटात श्रद्धा असते आणि यात हिशेब आहे. पण हिशेब दुसऱ्याने करायचा नाही, आपणच करायचा. मी पहिले सहा महिने पंधरा टाकले. पगार वाढल्यापासून तीस टाकते. आणि सगळेजण सत्तरीच्या शिक्षकांना नावाने हाक मारतात. माझ्याने ते होत नाही. मी "सर"च म्हणते.

आई, तू म्हणालीस, मुलींनी हे वाजवलेलं पाहिलं नाही. इथे पलीकडच्या ओकलंडमध्ये पीट एस्कोवेडो नावाचे वादक, तेही सांतानाबरोबर वाजवलेले. त्यांनी मुलीला, शीलाला, आधी व्हायोलिन शिकायला घातलं होतं. पंधराव्या वर्षी वडिलांच्या अझ्टेका बँडमधला वादक आजारी पडला आणि ही वडिलांशेजारी कोंगावर उभी राहिली. 1977 साली बापलेकीची दोघांची रेकॉर्ड निघाली. पुढे तिचं नाव वडिलांपेक्षा मोठं झालं. ते वाचताना मला आपल्या माडीवरची सकाळ आठवली. बाबा, तुम्ही एसटीच्या ड्युटीला निघण्याआधी अर्धा तास रियाझ करायचात आणि मी दप्तर पाठीला लावून जिन्यात बसून ऐकायचे. दर्ग्याच्या उरुसात तुम्हाला साथीला बोलावलं होतं, त्या वर्षी दादाचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही गेला नाहीत. ते मला ठाऊक आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत.

पैशांचं. या महिन्यात चाळीस हजारच पाठवलेत, नेहमीपेक्षा वीस कमी. खोटं कशाला सांगू, मी कोंगाची जुनी जोडी घेतली. पुढच्या दोन महिन्यांत दहा-दहा जास्त पाठवून भरून काढते. दादाच्या घराचा हप्ता अडला असेल तर लगेच कळवा, मी इथे उसने घेईन. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पैशासाठी पुढे ढकलू नका, ते पैसे वेगळे ठेवले आहेत.

सांगलीच्या स्थळाबद्दल: पत्रिका जुळली ते वाचलं. मी नाही म्हणत नाही. डिसेंबरात तीन आठवडे येतेय, तेव्हा भेटू द्या. फक्त एक करा, "मुलगी नोकरी करते आणि कोंगा वाजवते" हे दोन्ही आधीच सांगा. काकू म्हणतील लग्न ठरल्यावर सांगू, तर तसं नको. मुलाला लपवलेलं मागून कळलं तर तुम्हाला मान खाली घालावी लागेल, ते मला सहन होणार नाही. दादाच्या साखरपुड्याला आले नाही, याचं मला रोज वाईट वाटतं. फोटोत माझी जागा सोडून सगळे उभे होतात, ते पाहिलं मी. वहिनींना माझ्याकडून साडी घ्या, जांभळी, त्यांना तो रंग आवडतो असं दादा म्हणाला.

बाबा, येत्या एकादशीच्या भजनाला फोन लावाल तेव्हा पेटीवर ठेवू नका. मागच्या वेळी नुसती पेटीच ऐकू आली. डग्ग्याच्या बाजूला, उशीवर ठेवा. इथे सकाळ असेल, मी जागी असते.

तुमची,
छकुली