गोळी, मीठ आणि गुणाकार

महोदय,

मी शाळेत ३० वर्षं जीवशास्त्र शिकवलं. जीवनसत्त्वांचा तक्ता झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. तरीही ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि महिनाभरात माझ्या टेबलावर ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या. मोठ्या माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅम पुरे, जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, हे मुलांना मीच सांगत आले. घेत मात्र होते १००० मिलिग्रॅमची गोळी. भीतीपुढे तक्ता फिका पडला, दुसरं काय!

‘ड’चं प्रकरण निराळं. ते शरीरात साठतं. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. घरात एकाने आठवड्याची गोळी रोज घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी वर्गातला आवाज काढला.

ज्ञान कामी आलं ते भलत्याच ठिकाणी. घरी बसून पाकीटबंद खाणं वाढलं, तसा मी वेष्टनामागचा बारीक मजकूर वाचू लागले. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, हे ठाऊक होतं. पण तिथे छापलेलं असतं सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. हा गुणाकार नातवाला शिकवला. आता तो पाकीट हातातून काढून घेतो, माझ्यासुद्धा!

आपल्या आरोग्यविषयक लेखांत असे हिशेब छापावेत, ही विनंती. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाचून झालंय.

– एक निवृत्त शिक्षिका