गिगाबिट नको, पॅकेट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी चिपच्या बातम्या अलीकडे वरचेवर छापून येतात. त्यात राउटरमधल्या नेटवर्क प्रोसेसरचे (पॅकेट पुढे पाठवणाऱ्या चिपचे) मोठेपण गिगाबिटमध्ये सांगितलेले असते. नुसत्या त्या आकड्यावरून चिपची पारख होत नाही.

इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम (पॅकेट वाहून नेणारे वेष्टन) ६४ बाइटची. तिच्या आधीचे ८ आणि दोन फ्रेममधल्या अंतराचे १२ बाइट धरले, की ८४. १० गिगाबिटच्या जोडणीवर अशा १ कोटी ४८ लाख फ्रेम सेकंदाला येतात. एकीच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या कोअरची (प्रोसेसरमधल्या गणन-एककाची) जेमतेम २०० सायकल, म्हणजे घड्याळाचे ठोके. चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून एकदा वाचायलाच साधारण तेवढा वेळ जातो! १०० गिगाबिटला तर २० सायकलच उरतात. फ्रेम १५१८ बाइटच्या घेतल्या तर १० गिगाबिटला सेकंदाला जेमतेम ८ लाख १२ हजार. तेवढ्यावर सामान्य चिपही देखणी दिसते.

म्हणून हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधली कामाची वाटणी चिप सिलिकॉनवर उतरण्याआधीच पक्की व्हावी लागते. चेकसम (चूक पकडणारी बेरीज), पत्ता शोधणे, रांगा सांभाळणे ही ठरीव कामे हार्डवेअरची; मार्ग ठरवणारे राउटिंग प्रोटोकॉल सॉफ्टवेअरचे. सतत बदलणारे मधले काम प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या कोअरना द्यावे. इंटेलच्या आयएक्सपी२८०० मध्ये अशी १६ मायक्रोइंजिने होती, प्रत्येकात ८ थ्रेड (कामाचे स्वतंत्र धागे). एक थ्रेड मेमरीची वाट पाहत असला, की दुसरा काम उचलतो. युक्ती नामी, पण एकाच प्रवाहातली (दोन संगणकांमधल्या एका संवादाची) पॅकेट वेगवेगळ्या थ्रेडवर गेली की मागेपुढे होतात. पॅकेट नीट पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्या टीसीपी या नियमावलीला वाटते पॅकेट हरवले आणि ती वेग उतरवते. यावर सोपा उपाय म्हणजे पॅकेटच्या पत्त्यांवरून हॅश (एक ठरावीक आकडा) काढून प्रत्येक प्रवाह एकाच कोअरला बांधणे. मात्र मग एखादा अवजड प्रवाह आला की तो कोअर तुंबतो आणि शेजारचे रिकामे बसतात. हे टाळायचे तर पॅकेटना आत येतानाच अनुक्रमांक देऊन बाहेर पडताना पुन्हा ओळीत लावावे लागते. त्यासाठी चिपवर बफर (तात्पुरती साठवण) राखून ठेवायला हवा, तो मागाहून घालता येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती अपवादांची वाट. टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकते तो आकडा) संपलेली पॅकेट मुख्य प्रोसेसरवरच्या सॉफ्टवेअरकडे जातात. या वाटेवर हार्डवेअरमध्येच दरमर्यादा नसेल, तर टीटीएल १ ची पॅकेट ओतून कोणीही तो प्रोसेसर गुदमरवू शकतो. मग बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलचे कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ असे सांगणारे) संदेश वेळेत जात नाहीत आणि शेजारचा राउटर जोडणी तोडतो. पॅकेट पुढे पाठवणारे हार्डवेअर ठणठणीत असूनही वाहतूक बंद!

तेव्हा सरकारी खरेदीच्या निविदेत आणि बातमीतही विचारावे ते हे : ६४ बाइटच्या फ्रेमवर सेकंदाला किती पॅकेट? राउटिंग टेबलात (मार्गांच्या यादीत) आयपीव्ही४ पत्त्यांच्या ९ लाख नोंदी आणि फिल्टर चालू असताना किती? नेटवर्क उपकरणांच्या चाचणीची पद्धत सांगणाऱ्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजात इथरनेट चाचणीसाठी ६४ ते १५१८ बाइटांपर्यंत सात आकार दिले आहेत. सातही आकारांचे निकाल मागावेत.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे