फ्लस्ट्रा आणि जेनी

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. समुद्रात वसाहत करून राहणारा ब्रायोझोआ हा चिमुकला प्राणी आणि ओरांगउटान हे मोठं वानर, यांची मी तुलना केली, तर कोण जास्त प्रगत असं विचारून तू वर लिहितेस, "कुठे तो समुद्रातला ब्रायोझोआ आणि कुठे ओरांगउटान! तुलनेला दुसरं काही सापडलं नाही का?" अगं, ही जोडी मी जमवलेली नाही, डार्विनने दोघांनाही जवळून पाहिलंय. एडिंबरात शिकत असताना, मार्च १८२७ मध्ये, अठरा वर्षांच्या या पोराने प्लिनियन सोसायटी या विद्यार्थ्यांच्या निसर्गविज्ञान मंडळात आपलं पहिलं शास्त्रीय टिपण मांडलं ते फ्लस्ट्रा या ब्रायोझोआवर. त्याची अंडी समजली जायची ती बारीक केस हलवत आपली आपण पोहतात, हे त्याने पाहिलं होतं. (त्या खरं तर अळ्या.)

१८३८ मध्ये हाच माणूस लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाच्या ओरांगउटानला बघायला गेला. रखवालदाराने सफरचंद दाखवलं, दिलं नाही. जेनीने पाठीवर लोळण घेतली, पाय झाडले, भोकाड पसरलं. रडणं थांबवलंस तर देईन म्हटल्यावर कशीबशी सावरली आणि सफरचंद हाती येताच आरामखुर्चीत उडी मारून मजेत खात बसली. डार्विनने हे बहिणीला पत्रात कळवलं. हट्टी मूल करतं तसंच, म्हणाला.

जेनी कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फ्लस्ट्राच्या बाबतीत 'हा एक प्राणी' म्हणून बोट कुठे ठेवायचं, तिथेच पंचाईत. भिंगातून बघ. चिवट पानासारख्या पात्यावर कप्प्यांच्या रांगा, एकेक कप्पा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कप्प्यात एक झूइड, म्हणजे वसाहतीतला एक जीव: तोंडाभोवती संस्पर्शकांचं, म्हणजे बारीक सोंडांचं, कडं, आत वळून वर आलेलं आतडं, हृदय नाहीच. सगळे एकाच अळीपासून कळ्या फुटत वाढलेले. आणि मधूनच एखादा असा, की त्याला नुसता जबडा! स्वतः खाऊ शकत नाही, त्याचं पोट शेजारी भरतात. बीगल या जहाजावरच्या सफरीत डार्विनने दुसऱ्या एका जातीवर असाच जबडा पाहिला, गिधाडाच्या डोक्यासारखा. कापला तरी उघडमीट चालूच. मला जेनीच्या रुसव्यापेक्षा हा जबडा जास्त अस्वस्थ करतो.

त्यातून, झूइडचे संस्पर्शक आणि आतडं झिजून त्यांचा तपकिरी गोळा होतो आणि त्याच कप्प्यात नवं आतडं, नवे संस्पर्शक उगवतात. ओरांगउटानच्या आईचं मात्र एका पिल्लामागे सात-आठ वर्षं दुसरं पिल्लू नाही. कुठलं फळ खायचं, रात्रीसाठी फांद्यांचं घरटं कसं रचायचं, सगळं तिच्या अंगाशी राहून शिकायचं. ती गेली तर ते शिकणंही तिथेच अडतं. कोण जास्त प्रगत हा तुझा प्रश्न म्हणूनच मला पटत नाही. एकाला शिकावंच लागत नाही, दुसऱ्याला शिकल्याशिवाय जगता येत नाही.

आता मला सांग, मरण कोणाचं मोजायचं? कप्प्यातल्या झूइडचं की अख्ख्या वसाहतीचं? मी वसाहतीच्या बाजूने आहे. तू वाद घालणारच, तेव्हा लवकर लिही.

तुझी,
मीना